गाईड घेऊन एका दिवसात विजापूर: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं विजापूरला जायचं म्हणतोय. मोठ्या बसच्या सहलीबरोबर जाऊन आलेल्या मैत्रिणीला दुपारचं जेवण आणि गोल घुमटातला कलकलाट, एवढंच आठवतं. मला ते नकोय. 1490 च्या आसपासपासून 1686 पर्यंत जी आदिलशाहीची राजधानी होती, जिथे शहाजीराजांची ऊठबस होती, ते शहर नीट समजून घ्यायचं आहे. म्हणून आपली गाडी आणि दिवसभर फक्त आपल्यासोबत असणारा गाईड, असा विचार आहे. ज्यांनी असा दिवस काढलाय त्यांनी कृपया लिहा. कुठून सुरुवात केलीत, काय वगळलंत, आणि गाईड नसता तर काय दिसलंच नसतं? मोठे प्रतिसाद चालतील, उलट हवेच आहेत.

भीमाकाठची

आम्ही सोलापूरचे, त्यामुळे विजापूर म्हणजे शेजार. शंभरेक किलोमीटर रस्ता, भीमा ओलांडली की कर्नाटक. पाहुणे आले की त्यांना घेऊन जाणं होतंच. पण सासरच्या मंडळींसाठी पहिल्यांदा पूर्ण दिवसाचा गाईड घेतला आणि ओळखीची जागा नव्याने कळली.

गाईडदादा दखनी (दख्खनची उर्दू) बोलणारे, मराठी उत्तम समजणारे. आदल्या दिवशीच फोनवर त्यांनी सांगून ठेवलं होतं: "नाश्ता नंतर करा, घुमट उघडताच वर जायचं." ते का, हे वर गेल्यावर कळलं. घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. त्यांनी आम्हाला एका बाजूला भिंतीला टेकून बसवलं आणि स्वतः थेट समोरच्या बाजूला गेले. मधलं अंतर 35 मीटरहून जास्त. तिथून भिंतीकडे तोंड करून त्यांनी माझ्या सासूबाईंना हळू आवाजात विचारलं, "अम्मा, थकले क्या?" शेजारी बसून विचारावं इतकं स्पष्ट ऐकू आलं. सासूबाई चकित होऊन मागे वळून बघू लागल्या.

तासाभराने शाळांच्या सहली वर आल्या आणि एकेका आरोळीचे कितीतरी पडसाद उठू लागले. मग कुजबूज कसली ऐकू येणार? तोवर आम्ही उतरायला लागलो होतो. माझ्या मते आपला स्वतंत्र गाईड घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की वेळ तुमच्या हातात राहते.

दगड आणि चुना

ताईंनी आवाजाचं लिहिलं, मी बांधणीचं लिहितो, कारण व्यवसायच तो आहे.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो 1656 मध्ये वारला. खालचं दालन चौरस, एकेक बाजू 41 मीटरच्या आसपास, आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर. प्रश्न असा की चौरसावर गोल बसवायचा कसा? आमच्या गाईडने याचं उत्तर तोंडाने दिलं नाही. त्यांनी खिशातून एक चौकोनी रुमाल काढला, फरशीवर पसरला, माझ्याकडचा दुसरा मागून घेतला आणि पहिल्यावर अर्धा वळवून ठेवला. आठ टोकांची चांदणी झाली. मग म्हणाले, "अब ऊपर देखो." वर भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत अगदी तीच चांदणी करत होत्या आणि तिच्या आतल्या अष्टकोनावर घुमटाचं वर्तुळ टेकलं होतं.

यात आणखी एक गोष्ट आहे. एवढा घुमट भिंतींना बाहेर ढकलू पाहतो. छेदणाऱ्या कमानींमधला बांधकामाचा भार आतल्या बाजूला झुकलेला आहे आणि तो या ढकलण्याला अडवतो. सज्जाची रुंदीही त्यातूनच मिळाली. म्हणजे आपण जिथे बसून कुजबूज ऐकतो ती जागा या गणिताचाच भाग आहे. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत आकृती काढली होती. तरी त्या रुमालांनी जे झालं ते आकृतीने झालं नव्हतं.

आईबाबांसोबत

वयस्कर माणसं बरोबर असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून सात मजले चढून जावं लागतं. जिना अरुंद, पायऱ्या उंच, मध्ये अंधार. गुडघ्यांची तक्रार असेल तर आग्रह करू नका. आमच्या गाईडने आधीच विचारलं आणि आईबाबांना समोरच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात नेऊन बसवलं. तिथले शिलालेख, शस्त्रं, गालिचे, हस्तलिखितं पाहण्यात त्यांचा वेळ छान गेला. इब्राहिम रोजा मात्र त्यांनी सगळा पाहिला, तिथे फार चढण नाही.

मोडीवेडी

इब्राहिम रोजाचा विषय निघालाच आहे तर मला सविस्तर लिहू द्या. विजापूरला जाऊन फक्त गोल घुमट पाहून परतणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

एकाच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर, एक मशीद, मध्ये हौद. मलिक संदल हा त्याचा रचनाकार. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (राज्यकाळ 1580 ते 1627) हे काम बेगम ताज सुलतानासाठी काढलं आणि शेवटी तोही इथेच विसावला. कबरीच्या खिडक्यांत दगडी जाळी आहे, आणि जाळी म्हणजे नक्षी नाही, अक्षरं आहेत. अरबी अक्षरांमधला मोकळा भाग कोरून काढलाय, त्यातून उजेड आत येतो. आमच्या गाईडबाईंनी (हो, बाई होत्या, इतिहासाच्या पदवीधर) आम्हाला आधी बाहेरून खिडकी दाखवली, मग आत नेलं आणि काही वेळ कुणालाच बोलू दिलं नाही. डोळे सरावल्यावर ओळी दिसायला लागल्या.

हा इब्राहिम मला फार जवळचा वाटतो. त्याने दखनीत गाण्यांचा ग्रंथ रचला, 'किताब-ए-नवरस', आणि त्यात सरस्वतीचं स्तवन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान नाव दिलं होतं. गाईडबाईंनी त्यातल्या काही ओळी म्हणून दाखवल्या आणि अर्थ सांगायची गरजच पडली नाही, निम्मे शब्द आपलेच.

मी मोडी शिकते, म्हणून गेल्या गेल्या विचारलं होतं की इथे मराठी कुठे आहे? त्यांना प्रश्न नवा नव्हता. आदिलशाहीत मुलकी हिशेब बराच काळ देशी भाषेत आणि ब्राह्मण कारकुनांच्या हातात होता, फर्मानांवर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी मजकूर सापडतो. दख्खनमधला कारभार असा दोन लिप्यांत चालत होता. शहाजीराजे ज्या दरबारात वावरले त्याची ही रोजची भाषा होती. शाळेच्या पुस्तकात विजापूर म्हणजे फक्त शत्रूचं शहर एवढंच मनात बसलेलं असतं. तिथे उभं राहिल्यावर ते चित्र पुरेसं वाटत नाही.

सत्यशोधक सातारकर

सगळेच गाईड असे मिळत नाहीत, म्हणून ही दुसरी बाजू.

आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ गोष्टीवेल्हाळ होते. साठ कबरींपाशी नेऊन त्यांनी अफझलखानाची कथा रंगवली. प्रतापगडाच्या मोहिमेवर निघताना ज्योतिष्याने मृत्यूचं भाकीत केलं, म्हणून त्याने आपल्या सगळ्या बायका विहिरीत ढकलल्या, वगैरे. कबरी आहेत, एकसारख्या रांगेत आहेत, जागा उदास करणारी आहे, यात वाद नाही. अफझलखान 1659 मध्ये प्रतापगडाखाली मारला गेला, यातही नाही. पण मधली सगळी हकीकत लोककथा आहे आणि ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली गेली. माझा मुलगा दहावीत, त्याने वहीत खरा इतिहास म्हणून लिहून घेतली.

मग मी त्यांना नम्रपणे सांगितलं, "काका, जे लिहिलेलं आहे ते वेगळं सांगा आणि जे लोक म्हणतात ते वेगळं सांगा." ते रागावले नाहीत. उलट त्यानंतर गगन महालात आले तेव्हा स्वतःच म्हणाले की 1686 मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबाला शरण गेला हा इतिहास, आणि त्याला चांदीच्या बेड्या घालून इथे आणलं ही सांगोवांगी. तेव्हा सुरुवातीलाच हे ठरवून घ्या. ओळखपत्र असलेला मान्यताप्राप्त गाईड घ्या, हेही आहेच.

तोफखाना

आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर मलिक-ए-मैदान चुकवू नका. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली तोफ, वजन सुमारे 55 टन, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दाढेत हत्ती. ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून 1632 मध्ये विजापूरला आणली. परंडा ते विजापूर एवढी तोफ ओढत आणायची म्हणजे काय, हा प्रश्न गाईडने मुलांनाच टाकला. बैल किती, रस्ता कुठून, मध्ये नद्या कशा ओलांडल्या असतील? दोघं अर्धा तास हिशेब करत बसले.

1854 मध्ये इंग्रजांनी ही तोफ निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढली होती आणि बोली आली 150 रुपयांची. स्थानिक लोक तिला मानतात हे लक्षात आल्यावर विक्री रद्द झाली. त्यामुळे ती आज जागेवर आहे. हे ऐकून माझी मुलगी बराच वेळ तोफेवर हात ठेवून उभी होती.

जवळच उपळी बुरूज आहे. बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या चढा. वरून अख्खं शहर आणि तटबंदीचा घेर समजतो.

पाणीपुरवठा (निवृत्त)

इथे सगळ्यांनी घुमट, तोफा, कबरी लिहिल्या. माझा प्रश्न पहिल्यापासून एकच होता: या कोरड्या माळावर एवढी मोठी राजधानी पाणी काय पीत होती? गाईडला फोनवर हेच विचारलं. तीन जणांनी "ताज बावडी दाखवतो" म्हणून विषय संपवला. चौथा म्हणाला, "साहेब, मग तुम्हाला गंज दाखवतो." त्याला घेतलं.

समजून घ्या. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि पहिल्या अली आदिलशहाकडे प्रचंड संपत्ती आली. त्याच्या काळात सुमारे 10 किलोमीटरची तटबंदी पुरी झाली, जुम्मा मशीद उभी राहू लागली, आणि शहराच्या पश्चिमेकडच्या तोरवीहून जमिनीखालच्या बोगद्याने पाणी आणलं गेलं. पुढे शहर वाढलं, ते पुरेना. मग मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये दक्षिणेला बेगम तलाव बांधला. तिथून मातीच्या भाजलेल्या नळांनी पाणी शहरात येई, नळ दगडी बांधकामात पक्के गाडलेले.

आता खरी गंमत. उतारावरून बंद नळातून पाणी आलं की दाब वाढतो आणि मातीचा नळ फुटतो. त्यावर उपाय म्हणजे गंज, वाटेत ठरावीक अंतरावर बांधलेले चौकोनी मनोरे. पाणी मनोऱ्यात चढतं, वर मोकळ्या हवेशी येतं, दाब उतरतो, गाळ तळाशी बसतो आणि स्वच्छ पाणी पुढच्या नळात जातं. आम्ही नोकरीत ब्रेक प्रेशर टँक म्हणून हेच बांधत आलो. दाब मोजायचं यंत्र हाताशी नसताना सतराव्या शतकातल्या माणसांनी ते करून ठेवलं होतं. आज हे मनोरे गल्लीबोळांत, घरांच्या मागे, केबलच्या तारा गुंडाळलेल्या अवस्थेत उभे आहेत. एकाच्या सावलीत बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. कुठेही पाटी दिसली नाही. गाईड नसता तर मी त्यांच्यासमोरून दहा वेळा गेलो असतो.

ताज बावडीही पाहिली. 1620 ची, मोठी कमान, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आत भलामोठा चौरस हौद. मध्यंतरी तिचा गाळ काढला, त्याबद्दल काम करणाऱ्यांचं मनापासून कौतुक. पण कठड्यावरून आजही लोक निर्माल्याच्या पिशव्या टाकतात हे पाहून जीव तुटतो.

धागाकर्ती

किती सुंदर लिहिलंत सगळ्यांनी. काका, गंज यादीत सगळ्यात वर टाकलेत. दोन शंका आहेत. एका दिवसात हे सगळं बसेल का? आणि आम्हाला शुक्रवार सोयीचा पडतोय, चालेल?

भीमाकाठची

ताई, शुक्रवार नको. संग्रहालय बंद असतं, आणि दुपारी जुम्मा मशिदीत नमाज असते, तेव्हा आत नीट फिरता येत नाही. ती मशीद शांतपणे पाहण्यासारखी आहे, फरशीवर नमाजींच्या 2250 जागा आखलेल्या आहेत.

सगळं एका दिवसात बसणार नाही, बसवूही नका. सकाळी उघडताच गोल घुमट, मग नाश्ता, मग जुम्मा मशीद आणि वाटेत मेहतर महालाची नक्षीदार कमान. उन्हाच्या वेळी जेवण, ज्वारीची रोटी आणि शेंगाचटणी मागून घ्या. नंतर गगन महाल आणि बारा कमान (दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर), दोन्ही जवळजवळ आहेत, पायी जा. चारच्या पुढे तोफ, ताज बावडी, आणि शेवटी इब्राहिम रोजा, तो शहराच्या पश्चिम टोकाला असल्याने वाटेवरच येतो. गंज पाहायचे असतील तर साठ कबरी वगळा, त्या बाजूला पडतात. आणि काकांनी सांगितलं तसं गाईडला फोनवरच विचारा की गंज कुठे आहेत ते माहीत आहेत का.