घोडी भरपूर खाते, तरी अंग धरत नाही. मदत हवी आहे

तापीकाठ, शहादा
सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. खुराक चांगला चालू आहे, तरी बरगड्या दिसतात, पुठ्ठे उतरलेत. लग्नसराईच्या आत तब्येत भरली पाहिजे. काय वाढवू? जरा लवकर सांगा, इथे जो तो वेगळंच सांगतो.

आप्पा दोंडाईचेकर
चांगला खुराक म्हणजे काय? दाणा किती, वैरण कोणती? वय काय? जंताचं औषध दिलं का?

गिरणाकाठ
भाऊ, हरभरा भिजाडीसन दे, वरतून गूळ. आमना घर घोडा हाईच खातस.

तापीकाठ, शहादा
हरभरा तीन किलो, गव्हाचा कोंडा दोन किलो, दोन वेळा मिळून. रात्री कडब्याची एक पेंढी. वय सहा, असं व्यापारी म्हणाला.

देवमण
किंमत काय पडली? मारवाडी की काठेवाडी? अंगावरचे केसांचे भोवरे पाहून घेतले ना? फोटो टाका.

पशुवैद्य, धुळे
भाऊ, हे उलटं चाललंय. घोड्याचं पोट जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, त्याला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. वाळली वैरणच वजनाच्या दीड ते दोन टक्के हवी, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो. एका वेळी जास्त दाणा गेला की तो न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ होतो, खुरं सुजतात. घोड्याला उलटीही होत नाही, म्हणून जपायचं. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. तो कमी करून थोडा लसूणघास, म्हणजे ल्यूसर्न चारा, द्या. चाटायला मीठ आणि चोवीस तास पाणी पाहिजेच.
वजनासाठी टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. किलोत अंदाज येतो.

गिरणाकाठ
डॉक्टरसाहेब, आमना घोडा हरभरावर कधी आजारी पडना नही.

आप्पा दोंडाईचेकर
तुमचे घोडे दिवसभर रानात चरतात, दादा. हिला दावणीला एक पेंढी. फरक तिथेच आहे.

पाचोरा डेअरी
म्हशीची गोळी पेंड किलोभर द्या. आमच्या म्हशी बघा कशा भरल्यात.

पशुवैद्य, धुळे
अजिबात नको! गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाय-म्हशीला ते चालतं, घोड्याचं मात्र थोड्या मात्रेतही हृदय निकामी होतं. कुणीही हा प्रयोग करू नका.

तापीकाठ, शहादा
बरं, पेंड नाही देत. पण हरभरा लीदेत अख्खाच दिसतो. आणि खाताना अर्धवट चावलेले कडब्याचे बोळे तोंडातून पडतात. त्याने काही फरक पडतो का?

पशुवैद्य, धुळे
तोच तर मुद्दा! दाढांना धार आली असणार, गालाला टोचत असेल. आधी दाढा तपासून घासून घ्या, लीद जंतासाठी तपासायला द्या. तोवर दाणा वाढवू नका. वैरण वाढवा, पण नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू.

देवमण
फोटो राहिला, भाऊ.

तापीकाठ, शहादा
आमच्याकडचे डॉक्टर गुरांचेच जास्त. शहादा-तळोदा भागात घोड्याच्या दाढा घासणारं कुणी आहे का? दोंडाईचापर्यंत घेऊन यायची तयारी आहे.

आप्पा दोंडाईचेकर
मेसेज केलाय, पाहा.