मिल्ट टेनोपीर यांचं नाव राहिलं
अमेरिकन फुटबॉलमध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाच्या यशाचं श्रेय सगळे मुख्य कोच टॉम ऑझबोर्न यांना देतात, ते योग्यच. पण ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे चढाईत पुढे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पाच जणांचे, कोच मिल्ट टेनोपीर यांचं नाव यायलाच हवं. 1974 ते 2002, एकाच विद्यापीठात! कोच मंडळी सतत गाव बदलतात त्या पेशात हे फार दुर्मीळ. त्या लाइनच्या मधोमध खेळणारा सेंटर डेव्ह रिमिंग्टन त्यांच्याच तालमीतला. 1981 आणि 1982, लागोपाठ दोनदा त्याला आउटलँड ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनमनचा मान. 1995 साली हा संघ दर सामन्यात चेंडू न फेकता, धावूनच सुमारे 400 यार्ड काढायचा. चढाई चालवणारा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर सगळ्यांना आठवतो, पण चेंडू सुटताक्षणी लाइनमधले पाचही जण खांदे खाली ठेवून एकदमच घुसायचे, म्हणून त्याला वाट मिळायची. जुने सामने बघताना चेंडू सोडून गार्डचं, म्हणजे सेंटरच्या शेजारच्या खेळाडूचं, पहिलं पाऊल बघा.