खोलीतला पिक्चर म्हणजे नाटक नव्हे

एकाच खोलीत घडणारा पिक्चर म्हणजे शूट केलेलं नाटक, असं बरेच जण म्हणतात, पण मला ते काही पटत नाही. माझा ऑल टाइम फेवरेट '१२ अँग्री मेन' (१९५७), म्हणजे खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेल्या बारा ज्युरींचा पिक्चर, जवळजवळ सगळा एका खोलीतच आहे आणि दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेऱ्याने जे केलंय ते स्टेजवर जमणारच नाही, आधी कॅमेरा नजरेच्या वर, मग समोर आणि शेवटी खाली, त्यामुळे छत दिसायला लागतं, लेन्स बदलत जातात तशा भिंती अंगावर येतात आणि आपलाच जीव घुसमटतो. ज्युरी झालेला हेन्री फोंडा खिशातून खुनातल्या चाकूसारखा तस्साच दुसरा चाकू काढून टेबलात खुपसतो तिथे तर दरवेळी काटा येतो! बासू चॅटर्जींनी केलेला त्याचाच हिंदी रीमेक 'एक रुका हुआ फैसला' पण जबरदस्त, पंकज कपूर काय पेटलाय त्यात, तरी माझं मत ल्युमेटलाच.