मदत हवी आहे: गडावरचं नेढं (डोंगराच्या धारेतलं आरपार भोक) खरंच वाऱ्याने तयार होतं का?

घाटपांडी:
नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या पोरांना रतनगडावर न्यायचं ठरलंय. पाचवी ते आठवीची मुलं आहेत. वर नेढ्यात बसवून पंधरा मिनिटं भूगोल सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, आणि मी पडलो कॉमर्सवाला. चौकशी केली तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कुणी म्हणतं वाऱ्याने दगड झिजला, कुणी म्हणतं लाव्हातला वायूचा बुडबुडा फुटला, तर एकाने गड बांधणाऱ्यांनी टेहळणीसाठी फोडलं असं ठोकून दिलं. हे शेवटचं मला पटत नाही. नेढं इर्शाळगडावरही आहे, पण तिथे धड बांधकामही नाही, एवढा खटाटोप कोण करणार?

वाऱ्याचं पोरांना लगेच पटेल, कारण नेढ्यात डोक्यावरची टोपी टिकत नाही. पण ते बरोबर आहे का? आणि सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात त्याचा याच्याशी काही संबंध? लिंका नकोत, सोप्या भाषेत सांगा.

दगडधोंडे:
वाऱ्याला उगाच श्रेय देऊ नका. वारा खडक कापतो तो वाळूच्या जोरावर, आणि वाळूचे कण जमिनीपासून फार वर उडत नाहीत. म्हणून वाळवंटात खडकांचे पायथे जास्त झिजलेले दिसतात. रतनगडाच्या माथ्यावर वाळू आणणार कुठून? त्यात आपल्याकडचा खरा जोराचा वारा पावसाळ्यातला, ओलाचिंब. भोक आधी पडलं, वारा त्यातून नंतर घुसायला लागला. बुडबुड्याचं म्हणाल तर बेसाल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडात, वायूच्या पोकळ्या असतात खऱ्या, पण बहुतेक वाटाण्याएवढ्या किंवा मुठीएवढ्या. माणसं ओळीने बसतील एवढं नेढं त्यातून होत नाही.

खरं काम पाण्याचं. आपला सह्याद्री म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग पोकळ्यांचा आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत आधीच्या थराचा माथा कुजून तो बहुतेक ठिकाणी तयार झाला. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे हा पट्टा अंगठ्याने खरवडून बघा, बोट लाल होतं. त्याच्या वरचा पाषाण मात्र छिन्नीलाही दाद देत नाही. विहीर खणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. मुरूम कधी संपला, मांजऱ्या (मुरमाखालचा अर्धवट कठीण दगड) कधी लागला आणि सुरुंग कधी लावायचा हे ते पहारीच्या आवाजावरून सांगतात.

लाव्हा थंड होताना आकसतो, त्यामुळे पाषाणात उभ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी भेगांतून उतरतं, मऊ पट्ट्यावर अडतं आणि बाजूने पाझरायला लागतं. जाताजाता दगडातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची चिकणमाती करतं. मऊ थर आत आत जातो, कपार तयार होते. खालचा आधार गेला की वरचा पाषाण उभ्या भेगेवर तुटून खाली येतो. म्हणून कडा झिजला तरी उभाच राहतो, फक्त मागे सरकतो. पायथ्याला साठतो तो आपला घसारा. घट्ट भागाचा कडा आणि मऊ भागाची गवताळ पट्टी, या तुमच्या पायऱ्या.

आता नेढं. डोंगराची धार दोन्ही अंगांनी झिजून पातळ झाली, आणि दोन्हीकडच्या कपारी एकाच मऊ थरात आत शिरत शिरत एकमेकींना भेटल्या, की झालं आरपार. वरचा घट्ट थर छत म्हणून टिकतो.

नळीचीवाट:
वरच्या प्रतिसादात उन्हाचा वाटा राहिला. दिवसा तापणं, रात्री गार होणं आणि मुरणारं पाणी मिळून धोंड्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. पुस्तकात भेगेत बर्फ होऊन दगड फुटतो असंही दिलेलं असतं. ते हिमालयात ठीक, इथे पोरांना सांगू नका.

आणि एक. ही सर्वसाधारण रीत झाली. रतनगडाच्या नेढ्यात मऊ थर नेमका कुठे आहे ते पोरांनाच शोधू द्या. बसायच्या जागेपासून छतापर्यंत दगडाचा पोत कुठे बदलतो, पोकळ्यांत साठलेल्या खनिजांचे पांढरे ठिपके कुठे दिसतात, ओल कुठे आहे. पंधरा मिनिटं कमी पडतील.

घाटपांडी:
अगदी हेच हवं होतं, दोघांचेही आभार. पण एक कार्टं नक्की विचारणार, "काका, हे किती जुनं? आणि पडणार का?"

दगडधोंडे:
आकडा सांगू नका. 6.6 कोटी हे दगडाचं वय, भोकाचं नव्हे. भोक त्यामानाने कालपरवाचं. पडणार मात्र नक्की, कधी ते विचारू नये. माल्टातली समुद्रकाठची प्रसिद्ध कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. तिथे चुनखडक आणि लाटा होत्या, आपल्याकडे पाऊस आणि भेगा, पण छताचा आधार जातो तो तसाच. छत गेलं की दोन बाजूंना दोन सुळके उरतील, पुढच्या पिढ्यांना चढायला.

नळीचीवाट:
त्या कार्ट्याला हेही सांगा की प्रवरा याच डोंगरात उगम पावते. गडाची झीज भंडारदऱ्याच्या धरणात गाळ म्हणून बसते, धरण नव्हतं तेव्हा पार टोका गावाजवळ गोदावरीत जायची. बाकी, रतनवाडीकडून जाणार असाल तर शिड्यांवर मोठं माणूस पुढे एक, मागे एक ठेवा.

घाटपांडी:
नोंद घेतली. आता शेवटची विनंती. नेढ्याच्या बाजूच्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका. माझ्याकडे जेवढे आहेत त्या सगळ्यांत आमचीच तोंडं आहेत.