केर्लीजवळ ठोकलेली 2011 ची पिकअप: दुरुस्त करू की सोडून देऊ?

वडणगे रोपवाटिका

नमस्कार. कोल्हापूरजवळ वडणग्यात माझी उसाची रोपवाटिका आहे. कोतोली, बाजारभोगाव, इकडे कागलपर्यंत आम्ही रोपं पोच करतो. त्यासाठी 2022 मध्ये 2011 ची बोलेरो पिकअप 1,70,000 ला घेतली. माझ्या नावावर झालेली ती पहिली गाडी.

गेल्या मंगळवारी पहाटे भाऊ कोतोलीला रोपं घेऊन निघाला होता. केर्लीच्या पुढे उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यानं गाडी उजवीकडे ओढली, तरी डावा कोपरा ट्रॉलीवर बसलाच. बाहेर आलेल्या उसानं काच फुटली. भावाच्या गुडघ्याला चार टाके पडले, बाकी देवाच्या कृपेनं धडधाकट आहे. हंगामात असल्या ट्रॉल्या रोज दिसतात. रिफ्लेक्टरची एक पट्टी लावायला किती खर्च येतो?

गाडीचा शो (पुढची जाळी), बॉनेट, डावं मडगार्ड आणि रेडिएटर गेलाय. डावं दार अर्धंच उघडतं. इंजिन चालू होतं, पण पंखा घासत होता म्हणून लगेच बंद केलं. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे त्यातून आपल्या गाडीचं काहीच मिळणार नाही.

एका गॅरेजनं 85,000 सांगितले, "उघडल्यावर अजून काय निघेल ते वेगळं." भंगारवाला आहे तशी 55,000 ला न्यायला तयार आहे. भाड्याची पिकअप खेपेला 1,800 घेते. माझ्या गाडीला तेवढ्याच खेपेला 700 चं डिझेल लागायचं. म्हणजे खेपेला 1,100 वाचतात आणि 85,000 फिटायला साधारण 77 खेपा लागतात. वर्षाला माझ्या शंभरेक खेपा होतात. हिशेबानं दुरुस्ती परवडते असं मला वाटतं, घरचे म्हणतात सोडून दे.

"सुरू" हंगामातल्या उसाच्या लागणीच्या ऑर्डरी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहेत आणि रोपं थांबत नाहीत. ट्रेमध्ये मुळं गच्च झाली की शेतकरी ती घेत नाही. म्हणून या आठवड्यात ठरवायचंय. अशी गाडी कुणी दुरुस्त करून चालवली आहे का?

मार्केट यार्ड वाहतूक

ताई, मी चालवली. अशीच पुढून बसलेली पिकअप पत्रा काम करून घेतली, रंग मारल्यावर नवी दिसायला लागली. पण गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालायची. पुढचे टायर सहा महिन्यांत एका बाजूनं साफ. तीन ठिकाणी अलाइनमेंट केली, काही उपयोग नाही. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, वाकली होती आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. तुमच्या 77 खेपांच्या हिशेबात टायर नाहीत, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) नाही. गाडीचं वय वाढलं की पासिंगची फी पण वाढते. आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी आलंच.

उद्यमनगरचा जुना मिस्त्री

वहिनी, 85,000 चा आकडा सध्या बाजूला ठेवा. पत्र्याचं नुकसान डोळ्याला मोठं दिसतं, पण पत्रा बदलता येतो. गाडी ठेवायची की नाही हे चासी ठरवते, आणि चासी तुम्हाला घरीच मोजता येते.

गाडी सपाट फरशीवर उभी करा, चाकं सरळ. एक ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) घ्या, गवंड्याकडे मिळेल. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर सारखी भोकं असतात. पुढचं, मधलं आणि मागचं अशा तीन जोड्या निवडा. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून खाली खडूनं खूण करा. मग गाडी ढकलून बाजूला काढा आणि फरशीवरच्या खुणा तिरप्या मोजा. पुढच्या डावीकडून मधल्या उजवीकडे, मग पुढच्या उजवीकडून मधल्या डावीकडे. मधल्या आणि मागच्या जोडीचं पण तसंच. दोन्ही तिरपी मापं सारखी यायला पाहिजेत. 5 मिलिमीटरच्या आत फरक असेल तर मी काळजी करत नाही. 10 च्या वर गेला तर गाडी जिग (चासी पकडून मापात सरळ करायचा साचा) असलेल्या ठिकाणी न्यावी लागते, साखळी बांधून ओढणाऱ्याकडे नको. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी घ्या. डावीकडे कमी भरलं तर पुढचं डावं चाक मागं सरकलंय.

कुणी म्हणालं "चासी तापवून सरळ करतो, वर पट्टी मारतो", तर हात जोडा. जास्त तापवलेलं लोखंड मऊ पडतं. चासीच्या पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग मारलं की माल भरल्यावर तिथूनच चीर जाते. असे तुकडे झालेल्या गाड्या मी बघितल्यात.

आणि एक विचारतो. गाडी कुठल्या गावातून घेतली? 2019 आणि 2021 च्या पुरात उभी होती का? चिखली, आंबेवाडीकडची असेल तर चासीच्या आत गाळ बसून राहतो. बाहेरून काळा रंग आणि आतून पापुद्रे. मागच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे ती चासीला जिथं अडकते तिथं, हातोडी मारून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर सांगा.

कागदपत्रंवाला

भंगारात दिलीत तर आरसी रद्द झाल्याशिवाय विषय संपला असं समजू नका. नोंदणी तुमच्या नावावर असताना कुणी ती गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर भरपाई तुमच्यावर येऊ शकते. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, आणि नोंदणी रद्द करून घेता येते. 55,000 पेक्षा थोडे कमी मिळाले तरी चालतील.

वडणगे रोपवाटिका

मिस्त्रीकाका, काल दुपारी भावानं आणि मी मोजलं. ट्रे ठेवायच्या शेडमध्ये फरशी आहे, तिथं. पुढची तिरपी मापं 4 मिलिमीटरनं वेगळी आली, मागची 2 नं. चाकांचं अंतर दोन्हीकडे सारखं. आम्ही दोघंही खूश झालो. मी गॅरेजवाल्याला फोन करायला निघाले होते.

मग भाऊ म्हणाला, हातोडीचं राहिलं. पुढं खणखणीत वाजलं. मागं डाव्या कमानीच्या हँगरपाशी पहिल्याच ठोक्याला बद्द आवाज आला, दुसऱ्याला रंगाचा पापुद्रा निघाला, तिसऱ्याला हातोडीचं टोक आत गेलं. भोकातून वाळलेला पिवळसर गाळ सांडला. गाडी आंबेवाडीहूनच घेतली होती. घेताना पुराचं विचारलं तर "पाणी गल्लीतच आलं नाही" असं सांगितलं होतं. या चासीवर मी भावाला रोपं भरून बाजारभोगावला पाठवत होते. काल रात्री मला झोप लागली नाही.

85,000 घालून पुढचा भाग चकचकीत झाला असता आणि मागं हेच राहिलं असतं. गाडी स्क्रॅप केंद्रात देतेय. त्यांनी 48,000 सांगितलेत, कागद पूर्ण करून देतात. फेब्रुवारीपर्यंत भाड्याची पिकअप ठरवली. रोज एकच खेप देणार म्हणालेत, म्हणून कागलच्या दोन शेतकऱ्यांना फोन करून तारखा पुढं घेतल्या.

हौद्यातली ट्रे ठेवायची लोखंडी मांडणी आज सकाळी बोल्ट काढून उतरवली. ती मी स्वतः माप देऊन उद्यमनगरात बनवून घेतली होती. पुढची पिकअप घेताना आधी हौद्याचं माप बघेन, आणि ओळंबा, हातोडी बरोबर नेईन. काका, तेव्हा बघायला याल का?

उद्यमनगरचा जुना मिस्त्री

येतो की. एक दिवस आधी सांगा, आणि गाडी धुऊन ठेवू नका म्हणावं.