दुकान कशानं गेलं ते आधी सांगा, मग हळहळा

फोर्टफिरस्ता:
‘दक्षिण मुंबईतली हरवलेली तीस ठिकाणं’ हा लेख गेला आठवडाभर जो तो पुढे ढकलतोय. त्याचा निष्कर्ष एका ओळीचा आहे: मॉल आले, ऑनलाइन आलं, जुनी मुंबई मेली. यादीत मेरवानही आहे! ग्रँट रोडचं मेरवान, हे इराणी हॉटेल, २०१४ च्या मार्चअखेर बंद होणार म्हणून मावा केकसाठी रांगा लागल्या, पेपरांत मृत्युलेख आले, आणि काही आठवड्यांत ते परत उघडलं. लिहिण्याआधी स्टेशनाबाहेर उतरून बघायला काय हरकत होती?

आता बाकीची घ्या. धोबी तलावचं बस्तानी, तेही इराण्याचं, २००४ मध्ये गेलं. तेव्हा कोण ब्रून मस्का, म्हणजे कडक सालीचा पाव आणि लोणी, मोबाइलवर मागवत होतं? काळा घोड्याचं वेसाइड इन, जिथे अरुण कोलटकर बसायचे, ते त्याच्याही आधी गेलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवार कॅफे १९६४ ते ३१ मार्च २०१५ चाललं, आणि गॅलरीला जागा परत हवी होती म्हणून गेलं. या तिघांत मॉल कुठे आहे?

खरं कारण भाड्याच्या पावतीवर असतं. १९४७ च्या भाडे कायद्यानं जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वाढ वर्षाला ४ टक्के. म्हणजे २००० साली २०० रुपये भाडं असेल तर पंचवीस वर्षांनीही ते साडेपाचशेच्या आतच. मालक त्यात गळकं छप्पर नीट करत नाही, कारण परवडत नाही. भाडेकरूला दुरुस्ती करायची तर परवानगी हवी. पण तीच जागा पागडीनं, म्हणजे भाडेहक्काची एकरकमी किंमत घेऊन, दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटली की रक्कम कोटींत जाते, आणि रूढीनं त्यातला तिसरा हिस्सा मालकाला. इराण्याच्या हॉटेलात बहुतेकदा दोन-चार भागीदार, प्रत्येकाचे वारस वेगळे. एक जण कॅनडात, एकाला धंद्यात रस नाही. मासिक नफा वाटायचा तर हातात चिल्लर, जागा सोडली तर घर होतं. असं हॉटेल गिऱ्हाईक असतानाही बंद होतं. कारण चुकीचं सांगितलं की उपाय चुकीचा निघतो. ‘स्थानिक दुकानात खरेदी करा’ म्हणून बस्तानी वाचलं नसतं.

कॅसेटवाला:
इराण्यांपुरतं मान्य. पण एका किल्लीनं सगळी कुलपं उघडू नका. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं ते मालामुळेच. तिथे बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकायची, मग घ्यायची, मैफलीची तिकिटंही तिथेच. आधी रेकॉर्ड गेली, मग कॅसेट, मग सीडी. शेवटी विकायला वस्तूच उरली नाही, कारण गाणं तारेतून यायला लागलं. काउंटरवरचा माणूस पाच सेकंदांत सांगायचा की या रागाची कोणती प्रत घ्यायची, पण त्या माहितीचे पैसे कधी वेगळे मिळालेच नाहीत, ते कॅसेटच्या किमतीत असायचे.

पुस्तकांचं तेच. स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ मध्ये टी. एन. शानभागांनी स्ट्रँड सिनेमात एका लहान स्टॉलवर सुरू केलं, फोर्टात मोठं झालं, २०१८ च्या फेब्रुवारीत मिटलं. स्ट्रँडची ओळखच सवलत होती. छापील किमतीवर सरसकट २० टक्के कमी हे एकेकाळी धाडस होतं. मग ऑनलाइनवाले तेवढीच किंवा जास्त सूट घरपोच द्यायला लागले. मॉलनं नाही पण ऑनलाइननं मारलं, हे इथे शंभर टक्के खरं आहे.

गिरणगावकर:
दोघांचं वाचलं. प्रश्न एवढाच, मुंबई म्हणजे फोर्ट आणि काळा घोडा एवढीच का? तीस ठिकाणांत लालबाग-परळची एक खाणावळ नाही. मूळ लेखात नाही आणि तुमच्या उत्तरातही नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्या, घरापासून लांब आलेला माणूस, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जणांचं जेवण रांधणारी बाई. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. सकाळच्या पाळीचा डबा पहाटे, रात्रपाळीवाला सकाळी येऊन जेवणार, म्हणून चूल दिवसातून तीनदा पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार थांबला, उधारी थांबली नाही, आणि खाणावळवाल्या बायकांनी महिनोन् महिने पोसलं. त्यातल्या कितीतरी चुली नंतर पेटल्याच नाहीत. सामोवारला शेवटच्या दिवशी कॅमेरे होते. यांच्या दाराला पाटीसुद्धा नव्हती. पत्ता-तारीख-पावती असेल तरच आठवण खरी असं म्हणाल, तर या बायका दुसऱ्यांदा पुसल्या जातील. राग येतो तो याचा.

फोर्टफिरस्ता:
खाणावळी माझ्याकडून सुटल्या, ही चूक. पण पावती मागतो म्हणजे पुसतो, हे मान्य नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. कर्ज म्हटलं की अर्ज आला, नाव आलं, चाळ-मजला-खोली आली. शोधायचं तर तिथे शोधा. गहिवरानं पत्ता सापडत नाही.

भट्टीपाव:
इराण्यांच्या बाबतीत पागडीइतकंच मोठं कारण कुणीच घेतलं नाही: मागची भट्टी. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितल्या. बेकरी गॅसवर गेली की ब्रून संपला. लाकडाच्या धगीशिवाय तो ब्रूनच नव्हे. पुढच्या ‘हरवलेल्या’ यादीत ठिकाणं नसतील, पदार्थ असेल.

विटांची_धग:
हे लाकडाचं पुराण आता थांबवा. ब्रून लाकडामुळे होत नाही, विटांमुळे होतो.

भट्टी कशी चालते ते बघा. आत लाकूड जाळून विटा आणि फरशी तापवायची. निखारे कडेला ओढायचे. ओल्या गोणपाटानं फरशी पुसायची, म्हणजे राख जाते आणि थोडी वाफ धरते. मग तोंड बंद करून धग सगळीकडे सारखी होऊ द्यायची. त्यानंतर आग नसतेच, विटांनी साठवलेली उष्णता हळूहळू उतरत जाते, आणि माल त्या उताराप्रमाणे लागतो. सगळ्यात कडक आचेला पाव आणि ब्रून, मग खारी, मग मावा केक आणि बिस्किटं, शेवटी रात्रभर टोस्ट. लाकडाचा धूर ब्रूनला लागतो कधी?

भट्टीपाव:
धूर नसेल लागत, पण गॅसवरचा ब्रून संध्याकाळपर्यंत चिवट होतो हे खोटं आहे का? सकाळी कुरकुरीत, चार वाजता चामडं. खाणाऱ्याला कळतं.

विटांची_धग:
होतो. कारण सांगते. लादी पावाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून लावतात, म्हणून बाजू मऊ राहतात आणि पाव ओढून सुटतो. ब्रून सुटा लावतात, चहूबाजूंनी साल धरायला. पीठ घट्ट, तूप-तेल नावाला, वर एक चीर. साल जाड आणि कोरडी झाली तरच टिकते, कारण आतल्या गराचं पाणी दिवसभर सालीकडे सरकत असतं. पातळ पत्र्याच्या ओव्हनमध्ये दार उघडलं की उष्णता पळते, भरून काढायला बर्नर पेटतो, वरचा रंग लवकर येतो. कारागीर रंग बघून ब्रून बाहेर काढतो, साल मात्र कच्ची. ती चार वाजता चामडं होणारच.

उपाय आहे. ओव्हनच्या तळाला जाड दगडी फरशी घाला आणि रिकामा ओव्हन तासभर तापू द्या. ब्रून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं वाफ, म्हणजे तो नीट फुगतो. शेवटची पाच-सात मिनिटं दार बोटभर उघडं, म्हणजे वाफ निघून साल कोरडी होते. बाहेर आल्यावर जाळीवर गार करायचा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही भरायचा नाही. आज मिळणारे निम्मे चिवट ब्रून ओव्हनमुळे नाही, पिशवीमुळे चिवट आहेत.

भट्टीपाव:
कागदावर छान. दगडी फरशी, तासभर रिकामा गॅस, वाफेची सोय, याचा खर्च कोण देणार? जुनी भट्टी बारा महिने कधी पूर्ण गार होत नाही, म्हणून रोजचं तापवणं स्वस्त पडतं. मोडून नवीन बसवायची तर काम बंद ठेवायचं, आणि पागडीच्या जागेत भिंत तोडायला परत मालकाची सही. सही मिळत नाही. म्हणजे तुमचा ब्रून शक्य आहे, पण त्या दुकानात नाही.

विटांची_धग:
सहीचा मुद्दा बरोबर आहे. तेवढाच.

परमिटधारक:
पावावर एवढं, आणि रात्रीच्या ठिकाणांवर एक ओळ नाही? चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, एका रांगेत बँड वाजायचे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिस क्लबमध्ये क्रिस पेरीचा बँड आणि गायिका लॉर्ना. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोत १९७२ साली लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडमधले दोघे येऊन वाजवून गेले. ही ठिकाणं भाड्यानं नाही, परवान्यांनी जगतात आणि मरतात. खाद्यगृहाचा परवाना पोलिसांचा, आरोग्याचा महापालिकेचा, दारूचा एफएल-३ उत्पादन शुल्कचा, वर संगीताचा वेगळा. त्यातला एक अडला की बाकीचे असून उपयोग नाही. मालक वारला, वारसाच्या नावावर परवाना चढायला वेळ गेला, तेवढ्यात वेटर दुसरीकडे लागले आणि गिऱ्हाईक शेजारी बसायला लागलं. परवाना आला तेव्हा दुकान नव्हतं.

डान्सबारचं नाव घ्यायला सगळे लाजतात. २००५ ची बंदी, २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१४ ला पुन्हा बंदी, २०१६ चा नवा कायदा, २०१९ च्या जानेवारीत अटी सैल. न्यायालयात जिंकूनही ती ठिकाणं परत आली नाहीत, कारण चौदा वर्षं कुणी रिकामी जागा धरून बसत नाही. तीही हरवलेली ठिकाणंच.

गिरणगावकर:
डान्सबार आणि खाणावळ एका यादीत घालू नका. कृपा करा.

परमिटधारक:
का नाही? दोन्हीकडे बायकांच्या कमाईवर घरं चालायची, आणि दोन्हीकडे त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुमचाच मुद्दा आहे हा.

गिरणगावकर:
मुद्दा पटत नाही. नावं लिहिलेली नाहीत, एवढं मात्र खरं.

कॅसेटवाला:
फोर्टफिरस्ता, तुम्ही तारीख मागता. पण जुनं बिल किंवा काड्यापेटी हातात आली तर साल ठरवायचं कसं, हे लिहा. नाहीतर लोक पुन्हा अंदाजच ठोकणार.

फोर्टफिरस्ता:
आधी पत्ता वाचा. ‘बॉम्बे १’ असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, ‘४०० ००१’ असेल तर नक्की नंतरचं, कारण सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला. ‘बहुधा’ अशासाठी की जुने छापील कागद संपेपर्यंत लोक वापरायचे. एकाच खुणेवर साल ठोकणारे इथेच फसतात. किंमत ‘नये पैसे’ मध्ये असेल तर १९५७ ते १९६४. कराच्या ओळीत ‘बी.एस.टी.’ (बॉम्बे सेल्स टॅक्स) असेल तर एप्रिल २००५ च्या आधीचं, ‘व्हॅट टिन’ असेल तर नंतरचं, ‘जीएसटी’ असेल तर जुलै २०१७ नंतरचं. रस्त्याचं नाव फसवतं. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला तरी दुकानदार वर्षानुवर्षं जुनंच छापायचे, त्यामुळे नव्या नावावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच कळतं.

फोटो असेल तर दुकान सोडून रस्ता बघा. ट्राम धावताना दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, नुसते रूळ दिसले तर काही सांगता येत नाही. काळा घोड्याच्या चौकात राजासकट पुतळा असेल तर १९६५ च्या आधीचा, कारण मग तो राणीच्या बागेत गेला. चौथऱ्यावर बिनस्वाराचा घोडा असेल तर २०१७ नंतरचा. पाटीवर ‘मुंबई’ दिसलं की १९९५ नंतरचं असा नियम लावतात, तो फक्त इंग्रजी अक्षरांना लागू. मराठी पाट्यांवर मुंबई आधीपासूनच आहे.

गिरणगावकर:
बिल नसलेल्या खाणावळीला यातलं काहीच लागू नाही.

फोर्टफिरस्ता:
नाही लागू. तिथे चाळीचं नाव, मजला, कोणत्या गिरणीची माणसं जेवायची आणि पगाराची तारीख, एवढं तरी लिहा. गिरणी आणि पगाराची तारीख जुळली तर दोन आठवणी एकाच खोलीच्या आहेत का, ते ताडून बघता येतं. त्या तीसच्या यादीतून मी माझ्यापुरतं मेरवान काढतोय. ती जागा रिकामी ठेवली आहे, पत्ता पाठवा.

भट्टीपाव:
आणि ‘ब्रून’ पदार्थ म्हणून वेगळा लिहा. साल जाड की पातळ, हेही.

विटांची_धग:
आणि पिशवी कागदाची की प्लॅस्टिकची.