२१ की २८? (आणि कुणी विचारलं नसताना बुरशी)

पेठेतला: परवा ग्रुपवर एका भावानं लिहिलं, "रेंजफाइंडर कॅमेऱ्याला २८ एमएमच्या पुढं वाइड लेन्स घेणं म्हणजे पंचगंगेत पैसे सोडणं." माझ्या लायका एम६वर (लेन्समधनं नव्हे, वेगळ्या खिडकीतनं बघायचा रेंजफाइंडर) सहा वर्षं २१ एमएमची लेन्स आहे, म्हणून जरा लांबलचक सांगतो. गंगावेस तालमीत हौद्याच्या कडेला उभारलं की पाठीला भिंत, पुढं पैलवान. सरकायचं कुठं? अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८, फोकसचं अंतर दोन मीटरच्या जरा अलीकडं लावून सोडायचं. एक मीटरपासून पार टोकापर्यंत शार्प. २८ला त्याच एफ ८वर दीड मीटरच्या आतलं निसटतं.

रंकाळाकाठी: तो भाऊ मीच, नाव घ्यायचं होतं की. एम६च्या फ्रेमलाइन (खिडकीत फोटोची हद्द दाखवणाऱ्या रेषा) २८पाशी संपतात. आम्हा चष्मेवाल्यांना तर तीपण पुरती दिसत नाही. २१साठी तू वर दुसरा फाइंडर (बघायची खिडकी) चढवणार, म्हणजे फोकस एका भोकातनं, फ्रेम दुसऱ्यातनं. अन् कडेच्या पैलवानाचं डोकं ताणून कलिंगडागत! सरळ एसएलआर घे, लेन्समधनंच बघायचं.

पेठेतला: फोकस करायचाच नाही म्हटलं ना? वाचतोस का नुसता भांडतोस? डोकं कडेला येऊ द्यायचं नाही, एवढी अक्कल लागते. एसएलआरला आरसा मधे येतो, म्हणून वाइड लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. इथं माझी बिओगॉन लेन्स पार फिल्मजवळ जाऊन बसते. भवानी मंडपाची कमान काढून बघ, रेषा वाकत नाही.

डिजिटलवाली: तसलीच जुनी, मागं घुसलेली लेन्स डिजिटल लायका एमवर लावा. किरण सेन्सरवर तिरपे पडतात, कडा जांभळ्या. फिल्मवाल्यांचं नशीब. बरं, माझ्या २१ला बुरशी आलीय. कुणाला अनुभव?

शुक्रवारपेठ: ताई, हा खरा प्रश्न! २०१९च्या ऑगस्टात पूर घरात. कॅमेरा माळ्यावर, कोरडा, पण चामड्याच्या केसमधी. पाणी उतरल्यावर उघडला तर मागच्या काचेवर कोळ्याचं जाळं. एकाकडं साफ करायला दिली, त्यानं बुरशीबरोबर कोटिंगपण खरवडलं. वर म्हणतोय, "काच कशी लख्ख झाली बघा!"

रंकाळाकाठी: चामड्यात ठेवल्यावर दुसरं काय होणार? आमची आज्जी पापडसुद्धा घट्ट डब्यात ठेवायची. हवाबंद डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल. निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर कढईत परतायचं.

शुक्रवारपेठ: दारात छातीभर पाणी होतं. सिलिका जेल काय होडीतनं आणू?

पेठेतला: धागा लेन्सचा आहे, डब्यांचा नाही!

डिजिटलवाली: लेन्स राहिली तर धागा राहील.

रंकाळाकाठी: पुराचं चुकलं माझं, भावा. आणि पेठेतल्या, तालमीपुरती तुझी २१ कबूल. तालमीपुरतीच. महाद्वार रोडला २८. आता सांग, ती एवढी लाडकी ठेवतोस कशात?

पेठेतला: बिस्किटाच्या डब्यात. टॉवेल गुंडाळून.

शुक्रवारपेठ: टॉवेल! मागनं टॉर्च मारून बघ जरा.

पेठेतला: बघितलं. गप्प बसा सगळी.